अडकलेल्या पैशांचा हिशेब शिकवणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेत शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करण्याचा ठराव संचालक मंडळाने केला, तो आपण एका ओळीच्या उत्तराने नाकारलात. मानधनाचा धनादेश त्याआधीच परत आला होता. त्यामुळे आभार मानायला पत्राखेरीज दुसरा मार्ग आपण आमच्यासाठी ठेवलेला नाही. आपल्या इच्छेनुसार या पत्रात आपले नाव नाही, आणि ते नसताना बँकेचे नाव मिरवणे बरे दिसले नसते, म्हणून तेही गाळले आहे. पत्र अनावृत ठेवण्याचे कारण एवढेच की, तालुक्याच्या गावी चालणाऱ्या आमच्यासारख्या नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यांतल्या अनेकांपुढे यूपीआयला जोडून घेण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यासाठी आपण आमच्या बँकेला प्रणालीची जी रचना करून दिलीत ती आमच्या संगणक विभागाच्या कपाटात पडून राहू नये असे मला मनापासून वाटते.

आपण आलात तेव्हा यूपीआय ही नवलाई राहिलेली नव्हती. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह त्याचा प्रायोगिक आरंभ झाला होता, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एका महिन्यातले व्यवहार १०० कोटींच्या पुढे गेले होते. आमचे सभासद असलेले भाजीवाले, किराणा दुकानदार आणि बचत गटाच्या महिला दुसऱ्या बँकेत खाते उघडून त्या बँकेचा क्यूआर गल्ल्यासमोर चिकटवू लागले होते, आणि त्यांच्यामागोमाग ठेवीही तिकडे सरकू लागल्या होत्या. एका मोठ्या बँकेला प्रायोजक करून, तिच्यामार्फत आमच्या बँकेनेही उपसदस्य म्हणून यूपीआयला जोडून घ्यावे, एवढे मंडळाने ठरवले होते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांची सादरीकरणे सुरू झाली, त्यांत सेकंदाला किती व्यवहार पेलतील याचे आलेख होते आणि बँकेच्या स्वतंत्र अ‍ॅपची रंगीत चित्रे होती. आपण ते सारे शांतपणे ऐकून घेतलेत आणि मग एकच प्रश्न विचारलात: ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, समोरच्याकडे जमा झाल्याचा निरोप आला नाही, आणि मधली यंत्रणा गप्प आहे, तर या क्षणी तो पैसा कोणाच्या नावावर आहे? त्या खोलीत कोणाकडेही याचे उत्तर नव्हते. माझ्या मते आमच्या प्रणालीची रचना त्या प्रश्नापासून सुरू झाली, आणि बाकीचे सगळे त्याच्या उत्तरादाखल आले.

व्यवहार यशस्वी होतो किंवा अयशस्वी होतो, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो, कारण काउंटरवर रोख मोजताना तिसरी शक्यता नसते. संगणकांच्या जाळ्यावरून होणाऱ्या व्यवहारात ती कायम असते, आणि ती अपवाद म्हणून एखाद्या कोपऱ्यात न ढकलता रचनेच्या मध्यभागी ठेवावी, हा आपला आग्रह होता. यूपीआयमध्ये आमच्या बँकेकडे दोन प्रकारच्या विनंत्या येतात. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा करण्याची विनंती आली आणि आमचे उत्तर ठरलेल्या वेळेत पोहोचले नाही, तर व्यवहार फसला असे धरून आमच्याकडे रिव्हर्सलचा, म्हणजे वजावट उलटवण्याचा, संदेश येतो. रक्कम जमा करण्याच्या विनंतीला उत्तर गेले नाही, तर मात्र नियम उलटा आहे: ती जमा झाली असे मानले जाते, आणि प्रत्यक्ष तपासून खाते जुळवण्याची जबाबदारी जमा करणाऱ्या बँकेवर पडते. म्हणजे एकाच प्रकारच्या मौनाचे दोन वेगळे अर्थ होतात. हे नियमपुस्तिकेत लिहिलेले होतेच, पण त्यावरून सॉफ्टवेअरचा आराखडा बेतायचा असतो हे आम्हाला आपण दाखवलेत.

त्यातली एक बारीक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो, कारण दुसऱ्या कोणत्याही बँकेच्या आराखड्यात ती मला आजवर दिसलेली नाही. रकमेची वजावट आमच्या मुख्य प्रणालीत रांगेत अडकलेली आहे आणि तिचे रिव्हर्सल तिच्याआधी येऊन ठेपले आहे, असेही घडू शकते. भाबडी प्रणाली म्हणेल की असा व्यवहारच माझ्याकडे नाही, आणि संदेश टाकून देईल. थोड्या वेळाने रांग पुढे सरकेल, वजावट होईल, आणि ती उलटवायला कोणीही येणार नाही. आपण सांगितलेत की अनोळखी व्यवहाराचे रिव्हर्सलसुद्धा जपून ठेवायचे, आणि मागाहून त्याच क्रमांकाची वजावट आली तर तिला दारातच थांबवायचे. तसेच, एकाच क्रमांकाची विनंती कितीही वेळा आली तरी खात्यावर परिणाम एकदाच झाला पाहिजे आणि प्रत्येक वेळी उत्तर पहिल्यासारखेच गेले पाहिजे. वाचायला हे सोपे आहे. ते करताना आमच्या दोन तरुण सहकाऱ्यांनी रात्री जागवल्या, आणि त्यांचाही या पत्रावर हक्क आहे.

नोंदींच्या बाबतीत आपण आम्हाला आमच्याच जुन्या सवयीकडे परत नेलेत. कंपनीच्या आराखड्यात प्रत्येक व्यवहाराची एकच ओळ होती आणि तिच्यातली स्थिती बदलत जाणार होती. आपण म्हणालात की रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही, चुकले तर उलट नोंद करतात, मग संगणकाला वेगळी सवलत कशासाठी? आता विनंती आली, वजावट झाली, उत्तर पाठवले, रिव्हर्सल आले, या प्रत्येक घटनेची स्वतंत्र नोंद पडते आणि एकही पुसली जात नाही. अनिश्चित रक्कम त्या दिवसापुरती एका सस्पेन्स खात्यात, म्हणजे निकाल न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, दिसते, आणि ते खाते शून्यावर आल्याशिवाय संध्याकाळी शाखाधिकाऱ्याची सही होत नाही. आमच्या निवृत्त झालेल्या मुख्य लेखापालांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही. उलट, त्यांनीच त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि आपण त्या तिथल्या तिथे मान्य केल्यात.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, खात्यातून गेलेली आणि समोरच्याला न मिळालेली रक्कम व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे, दुकानदाराला केलेल्या भरण्यात पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यावी लागते. अनेक बँकांत हे काम तक्रार आल्यावर एखादा लिपिक हाताने करतो. आपण ते प्रणालीच्या पोटातच घातलेत: मुदत उलटली की भरपाईची नोंद आपोआप तयार होते आणि ती थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पडद्यावर दिसते. यावर मंडळात कुरबुर झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. स्वतःचा दंड स्वतःच मोजणारे यंत्र कोणी विकत घेतो का, असे एका संचालकांनी विचारले होते. आपण त्यांना इतकेच म्हणालात की, तक्रार करायला ज्याला मजुरी बुडवून यावे लागते, त्याच्याकडून तक्रारीची वाट पाहणे योग्य नाही. मला वाटते, डिजिटल समाजाच्या गरजा ओळखून प्रणाली रचावी असे जे परिसंवादांत सांगितले जाते, त्याचा अर्थ मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बैठकीत ऐकला.

दिवसअखेरीचा प्रश्न त्यामानाने निव्वळ तांत्रिक होता, पण आमच्यासारख्यांना तोच सर्वांत जास्त छळतो. आमची कोअर बँकिंग प्रणाली, म्हणजे सगळी खाती सांभाळणारी मुख्य प्रणाली, रात्री डे-एंड घेते, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करते, आणि तेवढा वेळ तिला व्यवहार नको असतात. बँकाबँकांत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र झाली, यूपीआय तर जन्मापासून तशीच आहे, आणि रात्री साडेअकराला रुग्णालयाच्या औषध दुकानात उभ्या असलेल्या माणसाला आमची डे-एंड सांगून उपयोग नाही. मुख्य प्रणाली बदलण्याइतके भांडवल आमच्याकडे नाही हे आपण पहिल्याच दिवशी ओळखलेत. मुख्य प्रणाली आणि यूपीआयचे संदेश ने-आण करणारा स्विच यांच्यामध्ये खात्यांच्या शिलकेची एक छायाप्रत ठेवून, डे-एंडच्या काळात एका मर्यादेपर्यंतचे व्यवहार तिच्यावर चालवायचे आणि नंतर क्रमाने मुख्य खतावणीत चढवायचे, हा मार्ग आपण काढलात. मर्यादा किती ठेवावी, म्हणजे बँकेने किती धोका पत्करावा, हे अभियंत्याने ठरवायचे नाही असे सांगून तो आकडा आपण मंडळाकडून लेखी घेतलात.

संदेशांची गोष्ट सांगताना आजही काही सहकारी हसतात. लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०. त्यामुळे मराठी संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात आणि खर्च तितक्या पटींनी वाढतो. हिशेब तपासणाऱ्यांनी इंग्रजी संदेश पुरेसा आहे असे सुचवले होते. आपण बँकेच्या हॉलमध्ये बसून, रांगेतल्या माणसांना जुने इंग्रजी संदेश दाखवून ते काय समजतात हे टिपून घेतलेत, आणि मग मराठी मजकूर ७० अक्षरांत बसवण्याचे काम स्वतःकडे घेतलेत. रक्कम आधी, स्थिती त्यानंतर, पुढे काय होईल ते शेवटी, आणि बँकेचे स्वागतपर वाक्य कुठेही नाही. ‘रु. ५०० अडकले आहेत. उद्यापर्यंत खात्यात परत येतील. पुन्हा पाठवू नका.’ हा संदेश कोणीही सत्काराच्या मानपत्रावर छापणार नाही, पण घाबरून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पैसे पाठवणाऱ्यांना त्याने थांबवले.

स्वतंत्र अ‍ॅपची कल्पना आपण मोडून काढलीत, हेही बरे झाले. ग्राहक आपल्या आवडीच्या कोणत्याही यूपीआय अ‍ॅपला आमचे खाते जोडू शकतो, मग आणखी एक अ‍ॅप सांभाळण्याचा भार कशासाठी? त्या पैशांतून आधार ओटीपीने पिन ठरवण्याची सोय आधी झाली, कारण आमच्या कित्येक खातेदारांकडे डेबिट कार्डच नव्हते. साध्या फोनवाल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये आलेल्या १२३पे सेवेची माहिती शाखांतून दिली गेली. लहान लहान स्वतंत्र सेवांमध्ये सगळी प्रणाली तोडण्याची जी टूम तेव्हा होती, तिलाही आपण नकार दिलात. चार माणसांच्या विभागाला जेवढे सांभाळता येईल तेवढेच भाग करा, हे आपले म्हणणे होते. या एका मुद्द्यावर माझे मत अजूनही किंचित वेगळे आहे. संदेश पाठवणारा भाग तरी वेगळा काढायला हवा होता, असे मला वाटते, आणि आपण भेटलात की तो वाद पुढे चालवण्याची माझी इच्छा आहे.

१२ एप्रिल २०२५ चा शनिवार आपल्याला आठवत असेलच. त्या दिवशी देशभर यूपीआय कोलमडले. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून पूर आल्याने मध्यवर्ती यंत्रणेवर ताण आला, असे पुढे यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सांगितले. हनुमान जयंती होती, आसपासच्या गावांत यात्रा भरल्या होत्या, आणि दुसरा शनिवार असल्याने बँक बंद. देशाच्या यंत्रणेपुढे आमची छोटी बँक काय करणार? व्यवहार आमच्याकडेही अडकले. पण उत्तर न आल्यास पुन्हा विचारताना दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचे आणि ठराविक प्रयत्नांनंतर गप्प बसायचे, ही आपली शिस्त प्रणालीत आधीपासून होती, त्यामुळे आमच्याकडून त्या पुरात भर पडली नाही. संध्याकाळपर्यंत अनिश्चित व्यवहारांची यादी तयार होती आणि प्रत्येकाला मराठीत निरोप गेला होता. सोमवारी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी शाखा उघडल्या तेव्हा काउंटरवर या कारणाने रांग लागली नाही. त्यानंतर स्थिती विचारण्याच्या आणि शिल्लक पाहण्याच्या संख्येवर देशभर मर्यादा आल्या, १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर शिल्लक दिवसाला ५० वेळाच पाहता येते. आमच्या विभागात ते परिपत्रक वाचताना सगळ्यांच्या तोंडी आपलेच नाव होते.

जोडून आलेल्या सुट्ट्यांत प्रायोजक बँकेकडे ठेवलेली आमची आगाऊ रक्कम संपत आली तर आधीच इशारा देणारी सोय आपण शेवटी शेवटी सुचवली होती. तीही या दिवाळीपूर्वी सुरू झाली आहे. आपल्या टिपणांची मराठी पुस्तिका आम्ही तयार केली असून शेजारच्या दोन बँकांनी ती मागून नेली आहे. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो आणि जुन्या खातेदाराचे संदेश त्याच्या हाती पडू शकतात, या विषयावरचे प्रकरण मात्र आपण अर्धे ठेवले आहे. ते सवडीने पूर्ण करून पाठवावे. मानधनाची भाषा आम्ही पुन्हा काढणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
संगणक विभागप्रमुख
आणि विभागातील सर्व सहकारी