रात्री गाणारा

बर्लिन, 14 मे

प्रिय सुहास,

डॅनिश लेखक अँडरसनच्या गोष्टीचा अनुवाद करताना त्यातल्या नाइटिंगेल पक्ष्याला मराठीत काय म्हणू, असं तू विचारलं होतंस. परवा रात्री एक वाजता उत्तर सापडलं. पण तुझ्याकडे पहाटेचे साडेचार झालेले, म्हणून फोन केला नाही.

ट्रेप्टोवर पार्कपाशी शेवटची गाडी चुकली, पायीच निघालो. दिव्याखालच्या झुडपातून शीळ आली. आधी हळू, लांबट ‘प्यू, प्यू, प्यू’, मग चढत गेली आणि एकदम खणखणीत तान! मी तिथेच थांबलो. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट, शेपूट तेवढी तांबूस.

जर्मनमध्ये तो ‘नाख्टिगाल’. ‘नाख्ट’ म्हणजे रात्र, आणि ‘गाल’ म्हणजे पित्त असेल, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पित्ताचा शब्द तसाच आहे ना. पण हा ‘गाल’ आला जुन्या जर्मनमधल्या ‘गालान’वरून, म्हणजे गाणं. रात्री गाणारी! डच ‘नाख्तेगाल’, डॅनिश ‘नॅटरगॅल’, स्वीडिश ‘नेक्टरगाल’, सगळी याच घरातली. इंग्रजांनी मध्ये एक ‘न’ घुसवला, ‘पॅसेंजर’ आणि ‘मेसेंजर’मध्ये घुसवला तसाच. नाव स्त्रीलिंगी, पण रात्रभर गातो तो नर, जोडीदारीण न मिळालेला.

त्या ‘गालान’चा पसारा तर बघ. स्वीडनमध्ये कोंबडा आरवतो त्याला आजही ‘गाला’ हेच क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मंत्र म्हणणं असाही होता. डॅनिशमध्ये ‘गाल’ म्हणजे वेडा, मुळात मंत्राने भारलेला. त्या झुडपापाशी उभं राहिल्यावर हे सगळं पटतं रे.

आणि ‘नाख्ट’? माझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, आठवतं? दिवसभर उपास, रात्री जेवण. संस्कृत ‘नक्त’ आणि हे ‘नाख्ट’ एकाच मुळाचे. आजीचा उपास आणि या पक्ष्याचं नाव सख्खे नातलग निघाले, मला तर भरूनच आलं.

तर, ‘बुलबुल’ लिहू नकोस. फारसीत तो हाच पक्षी, पण आपल्याकडे ते नाव शेंडीवाल्या भलत्याच पाखराला लागलंय. कोकीळही नको, आणि ‘रातवा’ तर आधीच दुसऱ्या पक्ष्याचं नाव आहे. ‘नाइटिंगेल’च ठेव, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘रात्री गाणारा’ असं जोड.

मसुदा पाठव, वाट बघतोय. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
अनंत