गल्लीतली रहाड पुन्हा उघडायची आहे

सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतली रहाड नेमकी कुठे आहे हे सांगू शकणाऱ्या आता एकच आजी उरल्या आहेत. कोपऱ्यावरच्या वाड्याच्या ओट्यापासून विहिरीच्या दिशेने अकरा पावले. मागे रस्त्याचे काँक्रीट झाले तेव्हा तोंडावर खूण ठेवायचे कोणाला सुचले नाही. आम्हालाही नाही, हे कबूल. दिवाळीनंतर रीतसर परवानगी काढून पावले मोजली (पहिल्यांदा चुकलो, कारण आजींच्या पावलांऐवजी आमची मोजली), काँक्रीट फोडले, हातभर खणले आणि पहार लाकडावर आपटली. सागाचा ओंडका. काळा, ओला, पण नखाने टोकरून पाहिला तर टणक!

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगायचे, तर रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर ओंडके आणि माती टाकून बुजवलेला, वरून रहदारी चालू. रंगपंचमीला पूजा करून उघडायचा, फुलांचा रंग उकळून ओतायचा आणि त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारायचा. जुन्या नाशकात आणि पंचवटीत काही रहाडी आजही दरवर्षी उघडतात. त्या टिकल्या, कारण मानकरी, तालीम आणि शेजारपाजार यांनी आपापली कामे वाटून घेतली आहेत: गाळ कोण काढणार, कढई कोण देणार, चूल कोण पेटवणार. आमच्याकडची माणसे वाडे सोडून इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडला गेली आणि ही वाटणीच मोडली. दगड अजून जागेवर आहेत.

घाई अशासाठी की २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामे निघत आहेत. पुन्हा एक थर चढला तर आजींची अकरा पावलेही उपयोगाची नाहीत.

काम असे आहे. आधी पंप लावून पाणी उपसायचे, मग गाळ हाताने काढायचा, जेसीबी आत घालायचा नाही. सुटलेले घडीव दगड पाथरवटाकडून बसवून घ्यायचे. दगडांमधल्या दरजा चुन्यानेच भरायच्या. सिमेंट स्वस्त पडेल, लवकरही होईल, पण ते ओल कोंडून धरते आणि पुढे दगडच फुटू लागतो. कळीचा चुना विरवून मुरायला ठेवावा लागतो, म्हणून पैसे आत्ताच हवेत. खर्चाचा अंदाज आणि जमा-खर्च तालमीच्या भिंतीवर लावला आहे. कोणीही वाचावा, शंका विचारावी.

एका गृहस्थांनी सगळी रक्कम एकरकमी देऊ केली होती, तोंडाशी नावाची पाटी लावण्याच्या अटीवर. सभेत दोन तास वाद झाला आणि आम्ही नम्रपणे नाही म्हटले. काहींना तो शुद्ध वेडेपणा वाटतो. पण पाटी ज्याची, रहाड त्याची, असे होते. मग गाळ काढायला गल्ली कशाला उतरेल? वर्गणी म्हणूनच घरटी ५०० रुपये ठेवली आहे. जास्त द्यायचे असेल तर जरूर द्या. पावती मिळेल, पाटी मिळणार नाही.

असे करणारे नाशकात आपण पहिले नाही. पांडवलेण्यात १८ नंबरच्या चैत्यगृहाच्या दारावर ब्राह्मीत एक ओळ आहे: हे दान धंभिक गावाचे. राजाचे नाही, गावाचे. १० नंबरच्या लेण्यात तर क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेव ठेवल्याचे कोरले आहे: एकीकडे २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा एक टक्क्याने, दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने. दोन हजारांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालायचा. आम्हीही उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवून व्याजातून दरवर्षीची साफसफाई करणार आहोत. समितीत घरमालक आणि भाडेकरू दोघेही असतील, आणि निम्म्या जागा महिलांच्या. यावरही वाद झाला, तो मिटला.

पैसे नसतील तर रविवारी सकाळी दोन तास या. घरात रहाडीचा जुना फोटो असेल, माळ्यावर मोठी कढई पडली असेल, आपल्या रहाडीचा रंग कोणत्या फुलांचा होता हे कोणाला आठवत असेल, तर तेही हवे आहे. रंगाबद्दल सध्या गल्लीत तीन मते आहेत आणि तिन्ही ठाम.

तालमीत रोज संध्याकाळी सात ते नऊ कोणीतरी असतेच. रविवारी येताना जुने कपडे घाला, चुन्याचे डाग निघत नाहीत.

आपले,
गल्लीतील रहिवासी आणि तालमीचे कार्यकर्ते
जुने नाशिक