दातांची तार आणि बाबांचा फोन

पणजी, शुक्रवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर मी अडखळत बोलले तर तू घाबरलीस. घाबरण्यासारखं काही नाही, तार बदलली म्हणून दात ठणकत होते. त्यात बाबा मागून "तिला ब्रुफेन घ्यायला सांग" म्हणून ओरडत होते. मग म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. तार आवळल्यावर दोन-चार तास काहीच वाटत नाही. संध्याकाळी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी कळस, मग उतरत उतरत आठवड्याभरात संपतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये पातळसा पडदा असतो. दात ढकलला की तो एका बाजूने चेपतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, सूज येते. त्या सुजेत प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्यानेच दुखतं, आणि दात सरकायला हाडात जी झीज-भर व्हावी लागते तिलाही तेच लागतं. ब्रुफेन नेमकं हेच द्रव्य अडवते. म्हणून डॉक्टर म्हणाल्या, अगदीच सोसेना तर पॅरासिटामॉल घे. अजून एकही घेतलेली नाही, पण घ्यायचीच नाही असा हट्टही नाही.

बाबा, आता जरा बसून वाचा. डॉक्टरांनी मला च्युइंगम चघळायला सांगितलंय! बिनसाखरेचं. तुम्ही वर्गात गम चघळणाऱ्या मुलांना बाकावर उभं करायचात, आणि तुमचीच मुलगी औषध म्हणून चघळतेय. चावल्याने चेपलेल्या पडद्यात रक्त पुन्हा खेळू लागतं, असं मानतात. पहिले दहा-बारा चावे डोळ्यांत पाणी आणतात. मग ठणका खरोखरच बोथट होतो. ब्रॅकेट निघून येईल अशी भीती होती, पण दाताला चिकटवलेली, तार धरणारी ती बटणं एकही हलली नाहीत.

दुसरा उपाय गारव्याचा. माझी तार निकेल-टायटॅनियमची आहे. तोंडाच्या उबेत ताठ होते, गार पाण्याने थोडा वेळ मऊ पडते. म्हणून फ्रिजमधली सोलकढी तोंडात धरून बसते. चहाने उलटं होतं, तेव्हा सकाळचा चहा कोमट. जेवायला पेज, नाहीतर पोदेराचा उंडो, म्हणजे तो गोल पाव, रश्श्यात पार बुडवून. गालाला टोचतं तिथे मेणाची गोळी. आई, तुझी लवंग मात्र नको गं! किडलेल्या दाताला ठीक, इथलं दुखणं मुळाभोवतीचं. उगाच हिरडीला चटका बसायचा.

दुखणं कमी करायला लेझर देतात, त्याचंही डॉक्टरांना विचारलं. 2016 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) लेझरसकट सगळ्या बिनऔषधी उपायांच्या 14 चाचण्या, 931 माणसं असा हिशेब तपासला. लेझरने सुरुवातीचे दिवस थोडा आराम पडतही असेल, पण पुरावा कच्चा. मी पैसे वाचवले.

मला आवडली ती वेगळीच गोष्ट. 2005 च्या एका अभ्यासात दीडशे पेशंटांपैकी काहींना तार बसवल्यावर फोन करून धीर दिला, काहींना फोनवर नुसतं "भाग घेतलात, आभारी आहोत" म्हटलं, बाकीच्यांना फोनच नाही. फोन आलेल्या दोन्ही गटांनी दुखणं कमी सांगितलं. काय बोलले याने फरकच पडला नाही! तो फोन अर्थात दवाखान्याचा होता, वडिलांचा नव्हे. तरी बाबा, तुमचा साडेसातचा "जेवलीस?" चालू ठेवा. तेवढं ब्रुफेनचं सोडून काहीही बोला.

पुढची तारीख नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी आली होती. ती मी पुढे ढकलून घेतली, म्हणजे घरी येईन तेव्हा तोंड शाबूत असेल. खाजं आणू नका, ते ब्रॅकेटला झेपणार नाही. नेवऱ्यांचं पुरण तेवढं वाटीभर बाजूला काढून ठेव, आई. मोदक मी चावीन.

तुमची,
बाय