चर बुजवा, पण पाणी कुठे जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बंगल्यापुढे रोड्याचा (फुटक्या विटा-दगडांचा) ट्रॅक्टर रिकामा होताना पाहिला आणि पोटात गोळा आला. मे महिना लागला की बडोद्याच्या सोसायट्यांमध्ये हे सुरू होतं. गेटशेजारचा चर बुजवायचा, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, गाडी उभी करायची. मीही तेच केलं होतं, म्हणून हे पत्र.

आम्ही वाघोडिया रोडला राहतो. कंपाउंडची भिंत आणि सोसायटीचा रस्ता यांच्यामधून कच्चा चर जातो आणि मागच्या कांसाला मिळतो. (पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्याला इथे कांस म्हणतात, भूखी, मसिया, रूपारेल अशी त्यांना नावंही आहेत.) आमच्या गेटलगत हा चर २४ फूट लांब, अडीच फूट खोल. डास, कचरा, त्यात एकदा ह्यांच्या स्कूटरचं चाक गेलं. मुलाने गाडी घेतली तेव्हा कोणाच्या तरी पाडलेल्या घराचा रोडा मागवून आम्ही तो सपाट करून टाकला. चरातलं पाणी जिकडून येतं त्या वरच्या बाजूच्या शेजारणीने तेव्हाच विचारलं होतं, “बेन, पाणी क्यां जशे?” मी म्हटलं, जमिनीत मुरेल.

जूनच्या सरी खरंच मुरल्या. तापून भेगाळलेली काळी माती सुरुवातीला पाणी पिते, मग फुगते आणि तोंड मिटून घेते. जुलैत एका संध्याकाळी तासाभराचा पाऊस झाला. खिडकीतून पाहते तो शेजारीणबाई ओटल्यावर झाडू घेऊन उभ्या, पाणी दुसऱ्या पायरीवर. आत पिठाचा डबा पाटावरून तरंगत निघालेला. आमच्या अंगणात मात्र घोटाभरही नाही! भर पावसात कुदळ घेऊन मुलाने आणि वॉचमनने रोडा फोडला, तेव्हा पाणी असं उसळलं की मुलाची चप्पल थेट कांसात गेली.

त्या रात्री मी कागदावर ते गणित मांडलं, जे मे महिन्यातच मांडायला हवं होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या वर सात बंगले, प्रत्येकी गच्ची आणि फरशी मिळून २०० चौरस मीटर धरा. तासाला ५० मिमी पाऊस, म्हणजे ७०,००० लिटर. सेकंदाला १९ लिटर. रोड्यातल्या फटींतून हे जाणार होतं! आणि हा काही विक्राळ पाऊस नव्हे. ३१ जुलै २०१९ला इथे एका दिवसात सुमारे २० इंच पडला होता.

कंत्राटदार म्हणाला, सहा इंची पाइप टाकू, पुष्कळ होतो. आमच्या चराला २४ फुटांत उतार मिळतो जेमतेम अडीच इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून मीच मोजला. एवढ्या उतारावर सहा इंची पाइप काठोकाठ भरूनही १९ लिटरला जरा कमीच पडतो, त्यात कडुनिंबाची पानं आणि दुधाच्या पिशव्या. शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गात हे विचारलं की मुलं हमखास चुकायची: पाइपचा व्यास दुप्पट केला की तोंड चौपट होतं, आणि कडांचं घर्षण तुलनेने कमी झाल्याने त्याच जातीचा पाइप तेवढ्याच उतारावर सहापट पाणी वाहून नेतो. बारा इंची ह्यूम (सिमेंट काँक्रीटचा) पाइप घेतला, गाडीचा भार पेलणारा एनपी-३ जातीचा, अडीच मीटरचे तीन तुकडे. खाली चार इंच बारीक खडी, वर फूटभर मुरूम थराथराने धुम्मस करून. रोडा आणि काळी माती ट्रॅक्टरने परत पाठवली. वरच्या तोंडाशी चेंबर, त्याचा तळ पाइपच्या तळाहून फूटभर खाली, म्हणजे गाळ तिथेच बसतो. त्याला उचलता येणारी लोखंडी जाळी. आमच्या ड्राइव्हवेचं स्वतःचं पाणी रस्त्यावर न जाता दुसऱ्या जाळीतून पाइपमध्ये उतरतं. पावसाळ्यात दर रविवारी मी चेंबर साफ करते, हे काम कुठलाही कंत्राटदार करून देणार नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, मगरी वस्त्यांत शिरल्या. तेव्हापासून घरात पाणी आलं की सगळे नदीकडे बोट दाखवतात. आमच्या गल्लीपर्यंत नदी आलीच नव्हती. शेजारणीच्या घरातलं पाणी मी पाठवलं होतं. लहानपणी दांडिया बाजारच्या वाड्यात आपल्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडल्या तरी भांडणं होत, हे सगळं ठाऊक असून.

सोसायट्यांनी चर बुजवायला परवानगी देताना ठरावात पाइपचा व्यास, उतार आणि चेंबर कोण साफ करणार हे लिहून घ्यावं, एवढीच विनंती. यात माझा स्वार्थही आहे. कोपऱ्यावरचा बंगला आमच्या खालच्या अंगाला आहे.

काल त्यांच्याकडे जाऊन आले. मालक म्हणाले, “चिंता नको, आमच्या वर दोनच तर घरं आहेत.” मी परतताना मोजत आले. नऊ आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाघोडिया रोड, बडोदे