सभासदांसाठी सूचना : ‘कौन’चा खेळ आणि वेळेचे बंधन

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ठीक ६ वाजता राम गोपाल वर्मा यांचा १९९९ सालचा ‘कौन’ हा हिंदी चित्रपट आपल्या नेहमीच्या सभागृहात दाखविण्यात येईल.

एक एकाकी बंगला, बाहेर कोसळणारा पाऊस, ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंह हे तीनच प्रमुख कलाकार, आणि एकही गाणे नाही, एवढ्या मोजक्या सामग्रीवर अनुराग कश्यप यांच्या पटकथेने जो ताण उभा केला आहे, तो कमी खर्चातील मानसशास्त्रीय थरारपटांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने मोठ्या पडद्यावर अनुभवावा असे मनापासून वाटते. दारावरची घंटा, विजेचा लपंडाव आणि रिकाम्या खोल्यांमधील शांतता हीच येथे खर्चिक दृश्यांची जागा घेतात. ऊर्मिला यांच्या पात्राला तर नावसुद्धा दिलेले नाही.

या परिणामासाठी पूर्ण अंधार आणि निःशब्दता अत्यावश्यक असल्याने ६ वाजता दरवाजा बंद केला जाईल व त्यानंतर कोणालाही आत घेतले जाणार नाही. मोबाइल बंद ठेवावेत. केवळ आवाज बंद करणे पुरेसे नाही, कारण पडद्याचा उजेडही शेजाऱ्यांचे लक्ष विचलित करतो. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे, त्यांनी शेवट कोणालाही, अगदी सूचकपणेही, सांगू नये, ही कळकळीची विनंती. खेळानंतर अर्धा तास चर्चा होईल.

– कार्यवाह