ध्वनिसंकल्पनेपुढे ज्यांचे नाव छापले नाही, त्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या नाटकाच्या माहितीपत्रकात ‘ध्वनिसंकल्पना’ या शब्दापुढे आपले नाव छापू द्यायला आपण शेवटपर्यंत नकार दिलात आणि तिथे माझे नाव घालायला लावलेत. आपली इच्छा मोडायची नाही, म्हणून या पत्रातही आपले नाव लिहीत नाही. परंतु माझ्या नावावर जमा झालेले काम वास्तविक कुणाच्या कानांनी केले, हे लोकांना कळावे एवढ्यासाठी हे आभार उघडपणे मानत आहे.

नाटक सांगलीच्या २०१९ च्या महापुराचे, आणि त्यातही घर सोडायला नकार देणाऱ्या एका आजीचे. आपण तालमीला प्रथम आलात तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये ५४ क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी सोडायचे आवाज, तयार होते. पहिल्या प्रवेशात नदीची गर्जना, त्यावर विजांचा कडकडाट, आजी एकटी पडली की सारंगी, नातू सापडला की बासरी. आपण सगळे शांतपणे ऐकून घेतलेत आणि एवढेच विचारलेत, “तू त्या वेळी कुठे होतीस?” मी सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, दुसऱ्या मजल्यावर होते. “मग त्या रात्री नदी अशी गरजत होती का?”

मला उत्तर देता आले नाही, कारण नदी गरजत नव्हतीच. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, पण ते गल्लीत शिरले ते गटारांतून, इंचाइंचाने, चोरपावलांनी. वीज गेल्यामुळे पंखे, फ्रिज, पाण्याच्या मोटारी असे घराचे नेहमीचे सगळे आवाज एकदम थांबले होते आणि त्या शांततेत लांबवरची कुत्री, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक आणि खालच्या मजल्यावर तरंगणारे गॅसचे सिलिंडर भिंतीवर आपटल्याचा धप्प आवाज, एवढेच ऐकू येत होते. हे सारे स्वतः ऐकलेली मी, नाटकासाठी मात्र कुठल्याशा डोंगरातल्या ओढ्याचा आवाज इंटरनेटवरून उतरवून घेऊन बसले होते. त्या दिवशी आपण माझ्या ५४ पैकी ३१ क्यू काढून टाकलेत. मला राग आला होता, हे आज कबूल करते.

सिलिंडरचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा नाही, हा आपला आग्रह मला आधी जुनाट वाटला. रिकामे सिलिंडर पोत्यात गुंडाळून नेपथ्याच्या मागे आमचा एक मुलगा ते हाताने आपटू लागला, तेव्हा रंगमंचावरची आजी खरोखर दचकली आणि तिच्या दचकण्याची वेळ प्रत्येक प्रयोगाला थोडी वेगळी येऊ लागली. लॅपटॉपमधला आवाज नटासाठी थांबत नाही. विंगेतला माणूस थांबतो. दारावरची थापही आपण खऱ्या फळीवरच मारायला लावलीत.

जे आवाज ध्वनिमुद्रित ठेवणे भाग होते, त्यांच्याबाबतीत ते कोणते यापेक्षा कुठून येतात यावरच आपला भर होता. नाट्यगृहाचे दोन मोठे स्पीकर प्रेक्षकांच्या डाव्या-उजव्या बाजूंना. त्यातून रेडिओवरच्या बातम्या सोडल्या की रंगमंचावरचा रेडिओ मुका आणि भिंती बोलतात, असे चित्र दिसे. आपण रेडिओच्या खोक्यातच छोटा स्पीकर बसवलात. पाणी घरात शिरते त्या प्रवेशासाठी एक स्पीकर लेव्हलखाली, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याखाली, तोंड जमिनीकडे करून ठेवलात. त्याचा खर्ज कानांपेक्षा पायांना अधिक जाणवत होता. तोच आवाज मागच्या रांगांसाठी मागील स्पीकरवरही हवा, असा हट्ट मी धरला तेव्हा आपण कागदावर हिशेब मांडून दाखवलात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या रांगेत तो सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. मागचा स्पीकर त्याच क्षणी वाजला तर त्याचा आवाज आधी कानावर पडतो, आणि कान आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पूर त्याच्या पाठीमागे आल्यासारखा वाटला असता. मागच्या स्पीकरला त्याहून किंचित जास्त विलंब लावल्यावर पाणी पुन्हा आजीच्या घरात आले.

पावसाची गंमतही सांगायला हवी. माझा पाऊस २० सेकंदांचा होता आणि पुन्हा पुन्हा वाजत राही. त्यात एक टपोरा थेंब होता. तो तिसऱ्यांदा पडला तेव्हा आपण “आला बघा पाहुणा” म्हणालात आणि त्यानंतर सगळ्या तालमीला तो थेंबच तेवढा ऐकू येऊ लागला. शेवटी आमच्या घराच्या पत्र्यावरचा बारा मिनिटांचा सलग पाऊस मी पहाटे उठून ध्वनिमुद्रित केला.

संगीताबद्दल मात्र आपण सर्वांत कठोर होतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत नाटक उभे केले, तिथल्या प्रेक्षकाला नाटकात संगीत हवेच असते, असे माझे म्हणणे होते. आपले उत्तर असे की, नटी रडत असताना सारंगीही रडू लागली तर प्रेक्षकाने करायचे काय? सारंगी गेली, बासरीही गेली. त्यांच्या जागी आजीचे काम करणाऱ्या बाईंनी स्वतः गुणगुणलेली जात्यावरची ओवी आली, कोणत्याही वाद्याच्या साथीविना. पहिल्यांदा ती आजीच्याच तोंडून, काम करता करता, अर्धवट ऐकू यावी, दुसऱ्यांदा अंधारातून, आणि तिसऱ्यांदा, आजी रंगमंचावर नसताना, फक्त रेडिओच्या खोक्यातल्या छोट्या स्पीकरमधून. तिसऱ्या वेळी प्रेक्षागृहात जी शांतता पसरली, ती मी मिक्सरपाशी, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या यंत्रापाशी, बसून अनुभवली आहे. (ओवी आमचीच असल्याने कुणाच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी काढावी लागली नाही, हा फायदा तेव्हा आम्हाला सुचलाही नव्हता.)

आपण मला क्यू नटाच्या शब्दावर घ्यायचा नाही, त्याच्या श्वासावर घ्यायचा, हे शिकवलेत. संहितेच्या समासात पेन्सिलीनेच लिहायचे, हे शिकवलेत. रिकाम्या नाट्यगृहात ठरवलेला आवाज भरल्या नाट्यगृहात दबतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे तो शोषून घेतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कान प्रेक्षकांकडे ठेवायचा, हेही शिकवलेत. रंगीत तालमीत ऐन शांततेत लॅपटॉपने चार्जर जोडल्याची घंटा वाजवली, तेव्हा मात्र आपण काहीच शिकवले नाहीत, नुसते हसलात. त्यानंतर मी तिसऱ्या घंटेपूर्वी यंत्राचे सगळे स्वतःचे आवाज बंद करते.

या साऱ्याचे मानधन आपण घेतले नाहीत. गुडघा दुखत असताना महिनाभर जिने चढून तालमीला आलात. आमच्या संस्थेतर्फे आणि माझ्यातर्फे मनःपूर्वक आभार.

पुढचा प्रयोग एका गावातल्या शाळेच्या सभागृहात आहे. छप्पर पत्र्याचे आहे आणि दिवस पावसाचे आहेत. प्रयोग चालू असताना खरा पाऊस आलाच, तर आपला पाऊस बंद करायचा की त्याच्या खाली हळू चालू ठेवायचा, हे विचारायला रविवारी सकाळी येते.

आपली नम्र,
मिक्सरपाशी बसणारी