नऊ पऱ्हाट्या, नऊ बोंडं

हैदराबाद
16 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर विचारलं, "मंग पोरी, त्या मुलाखतीचं काय झालं?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवून दिला. रेंज होती. काम झालं नाही. आई, बाबांचा चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल तर तूच वाचून दाखव त्यांना.

जागा एकच होती. समितीतल्या एका सरांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "एच-इंडेक्स नऊच?" पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवतीच फिरलं. बोंडअळीत मला काय सापडलं, हे कुणी विचारलंच नाही. जागा गेली त्यापेक्षा हे जास्त लागलं.

तो आकडा काय ते सांगते. आम्ही जे शोधतो ते लिहून छापतो, तो पेपर. पुढं कुणी आपल्या कामात त्याचा आधार घेतला की शेवटी नोंद करतो, हे अमक्याकडून घेतलं म्हणून. ती नोंद म्हणजे सायटेशन. 2005 साली हर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञानं त्यावरून मोजायची एक रीत काढली. आपल्या कापसाच्या वावराचंच धरा. प्रत्येक पऱ्हाटीची बोंडं मोजायची. निदान नऊ बोंडं असलेल्या पऱ्हाट्या नऊ भरल्या, पण निदान दहा असलेल्या दहा भरल्या नाहीत, तर आकडा नऊ. एखाद्या पऱ्हाटीला दोनशे बोंडं लागली तरी तो नऊच राहतो. माझे पेपर सतरा, आकडा नऊ.

पण कोरडवाहूचा उतारा ओलिताच्या उताऱ्याशी कोण लावतं, बाबा? कॅन्सरवर काम करणारे जगभर हजारोंनी आहेत, त्यामुळं त्यांच्या पेपरच्या नोंदी भराभर वाढतात. गुलाबी बोंडअळीच्या जीनवर काम करणारे मोजकेच. आणि जगात सगळ्यांत जास्त नोंदी कशाला आहेत माहीत आहे? 1951 साली लाउरी आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रथिन मोजायची एक पद्धत छापली, तिला. 2014 साली मोजलं तेव्हा तीन लाखांच्या वर भरल्या होत्या. डीएनएची रचना उलगडणारा 1953 चा वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर त्या यादीत पहिल्या शंभरातही नव्हता. पद्धत रोजच्या कामाला लागते, म्हणून जो तो तिची नोंद करतो. त्यात वावगं काही नाही, पण त्यावरून कामाची खोली कशी कळणार?

माझ्या सर्वांत जास्त नोंदी, 171, एका आढावा लेखाला आहेत. तो दुसऱ्यांच्या शोधांचा गोषवारा, आणि त्यात माझं नाव चौथं. मला ज्याचा अभिमान आहे त्या पेपरला फक्त तेरा.

तो पेपर आपल्या वावरातला आहे. 2017 ची दुसरी वेच आठवते? तुम्ही धुऱ्यावर बसून एक हिरवं बोंड अंगठ्यानं फोडलं. वरून ठणठणीत, आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मधे ती गुलाबी अळी. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं ते बोंड माझ्या हातात दिलं. 2002 मध्ये बीटी आलं, म्हणजे अळीला मारणारं विष बनवणारा जीन घातलेलं कापसाचं बियाणं, 2006 मध्ये तसल्या दोन जीनचं आलं, आणि आता अळीनं दोन्ही पचवलं होतं. पहिल्या जीनचं विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, तेव्हा कुठं ते मारतं. ज्या अळीत कॅडहेरिनचाच जीन बिघडला, तिथं विषाला धरायला जागा राहत नाही. भारतातल्या अळ्यांमध्ये हा बिघाड एका तऱ्हेचा नाही, नाना तऱ्हांचा आहे, हे 2014 मध्ये छापून आलं होतं. आपल्या धुऱ्यावरच्या अळ्यांमध्ये कोणत्या तऱ्हा आहेत ते मी शोधलं. आई, तू लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून मला बोंडं साठवून दिली होतीस, त्यातलीच ती.

त्या पेपरच्या शेवटी एक ओळ आहे: 'यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे आभार'. तुमचं दोघांचं नाव मी घातलं नाही. घरचेच म्हणून संकोच वाटला, आणि ती माझी चूक झाली. आभाराची ओळ कोणत्याच आकड्यात धरत नाहीत, पण छापलेली राहते. पुढच्या पेपरात नावं घालीन, बाबांचं आणि तुझं, दोन्ही. तुमची परवानगी हवी, ती फोनवर द्या.

आणखी तीन वर्षं मी इथंच आहे, पगार चालू आहे, काळजी करू नका. यंदा मला पुन्हा बोंडं हवीत, 2017 ची आणि आताची अळी शेजारी ठेवून पाहायची आहे. डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून बांधलेली न उमललेली फुलं, दिसल्या असतील तर त्याच पट्ट्यातली घ्या. आणि यंदा फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राहिलेली पऱ्हाटी, ठेवू नका, उन्हाळ्यात तीच अळीचं माहेर होते.

दादासोबत चाळीस लहान बाटल्या पाठवते, स्पिरिट भरलेल्या. एका बाटलीत एकच अळी, जिवंत असतानाच टाकायची. त्या दिवसाची तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून ती बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते, मागच्या वेळी अकरा बाटल्यांच्या तारखा तशाच गेल्या.

तुमची,
बेबी